मलिकांनी ठेवलेला दगड

नगरसेवक या प्राण्याशी माझं कधी जमलं नाही. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात, कल्याणच्या एका प्रभाग कार्यालयात, तक्रारींच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. एवढ्या काळात माझ्या टेबलावर हात न आपटणारा नगरसेवक मला एकच भेटला. त्यांचं नाव गुलशेर खान, पण सगळे त्यांना मलिक म्हणायचे. मी पहिली काही वर्षं ते आडनावच समजत होते आणि आवक रजिस्टरात 'श्री. मलिक' अशी नोंद करत होते. त्यांनी ती कधी दुरुस्त करायला लावली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, शहाडच्या त्या गल्लीत व्हॉल्व्हच्या बाजूला एक छोटंसं देऊळ आहे ना, रस्ता रुंदीकरणात येतंय. काढायचं तर संमती कुणाची घ्यायची? फाईलमध्ये काहीच नाहीये."

"बाळ, ते देऊळ नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे आहे. पण आधी नव्हतं." ती बिचारी गोंधळली. उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला, आणि दिवसभर डोक्यात मलिकच होते.

शहाड स्टेशनच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, पठाणांची एक वस्ती आहे. तिला 'बावीस घरं' म्हणतात. आता घरं साठ-सत्तर झाली आहेत, नाव मात्र तेच राहिलं. मलिकांचे वडील फाळणीच्या आधी सरहद्दीकडून इकडे रखवालदारीला आले. त्यांच्या मागोमाग जमातीतली माणसं आली आणि मग परत जायचा रस्ताच बंद झाला. मलिक म्हणजे जमातीचा मुखिया. वडील गेल्यावर वस्तीतली म्हातारी माणसं तीन दिवस गोल करून बसली आणि त्यांनी गुलशेरच्या डोक्याला पगडी बांधली. गुलशेर तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. सकाळी मशीनवर आणि संध्याकाळी मुखिया, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं.

माणूस उंच, हाडापेरानं मोठा. चष्म्याला बुटाची नाडी बांधलेली. हातात लोखंडी टोकाची काठी. ते जिना चढायला लागले की तिच्या ठकठकीनं आमचा साहेब आपोआप मोबाईल खाली ठेवायचा. शिक्षण कल्याणच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत, आणि अक्षर असं की आमच्या ऑफिसात तसं कुणाचंच नव्हतं. गटार तुंबल्याच्या तक्रारीच्या शेवटीसुद्धा 'कळावे, लोभ असावा' लिहायचे. एकदा मी हसले तर म्हणाले, "ताई, भांडण गटाराशी आहे. साहेबांशी लोभच पाहिजे ना?"

त्यांची एकच मोठी सवय होती: खुर्चीवर बसून ते कुठलाही वाद ऐकत नसत. "पहिलं बसा, मग भांडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि बसा म्हणजे जमिनीवर, गोलात. नगरसेवक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते तीस माणसं घेऊन आमच्या ऑफिसात आले आणि व्हरांड्यातच बसले. कार्यकारी अभियंत्यांना आत बोलावणं पाठवलं. साहेब आले, दोन मिनिटं उभं राहून वरून बोलले. मलिक शांतपणे मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी साहेबांची मानच अवघडली असावी, कारण इस्त्रीची पँट सावरत ते खाली बसले. त्या दिवशी वीस मिनिटांत जे काम झालं ते आधी आठ महिने फाईलमध्ये पडून होतं. मी दारातून बघत होते, आणि खरं सांगते, त्या साहेबांना मांडी घालताना बघून मला अतोनात आनंद झाला.

आता दगडाबद्दल. त्यांच्यात अशी रीत होती की दोन बाजू हातघाईवर आल्या की मुखियानं मधे एक दगड ठेवायचा. दगड आहे तोवर तह. त्याच्याजवळ कुणी आवाज चढवायचा नाही, हत्यार आणायचं नाही, त्याला ओलांडायचं नाही, बाजूनं जायचं. ठरलेल्या दिवशी ज्यानं ठेवला त्यानंच तो उचलायचा आणि निवाडा सांगायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मलिकांकडे त्यासाठी एकच दगड होता. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा. त्यांच्या वडिलांनी इथे आल्यावर नदीतून आणलेला. वागळे इस्टेटमधल्या दोन भागीदारांचं भांडण त्यांनी असंच मिटवलं होतं. दगड तीन आठवडे मशीनच्या बाजूला होता आणि तीन आठवडे दोघं एकमेकांशी कुजबुजत काम करत होते. बाविसाव्या दिवशी मलिकांनी तो उचलून कापडी पिशवीत घातला आणि ते घरी गेले. भागीदारी अजून चालू आहे.

या असल्या मिटवामिटवीनंच ते निवडून आले होते. अपक्ष, निशाणी कपबशी. प्रचार म्हणजे घरोघरी जाऊन चहा पिणं. बावीस घरं, पंचशील चाळ आणि नवीन बिल्डिंगी, सगळीकडून मतं पडली. आमच्या चाळीत, म्हणजे मी लग्नाआधी जिथे राहायचे तिथे, माझ्या वहिनीनंही कपबशीवरच शिक्का मारला असं तिनं मला अभिमानानं सांगितलं. शिक्का आता नसतो, बटण असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

दुसरी निवडणूक चार महिन्यांवर आली असताना ते पाण्याचं प्रकरण झालं.

पंचशील चाळ आणि कृपासागर सोसायटी यांच्यामध्ये एक गल्ली आहे. दोघांना पाणी एकाच लाईनवरून, एकाच व्हॉल्व्हमधून. सकाळी दीड तास. सोसायटीनं लाईनला थेट पंप जोडला आणि चाळीचे नळ कोरडे पडले. चाळीतल्या मुलांनी पंप फोडला. दुसऱ्या दिवशी झटापटीत चाळीतल्या एकाच्या डोक्यात रॉड बसला, अकरा टाके पडले. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर विटा जमल्या आणि चाळीच्या पत्र्यांवर दगड. आमचा वॉलमन भोईर, जो चावी फिरवून पाणी सोडायचा, त्यानं चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "बाय, मी नाय जायाचा तिकरं. मना पोरंबाळं हायेत."

मी मलिकांना फोन केला. मग भोईरला जवळजवळ ओढतच घेऊन गेले, कारण पाणी सोडलं नाही तर विटा पडणारच होत्या. मलिक आमच्या आधी पोचले होते. व्हॉल्व्हच्या झाकणाशेजारी, चिखलात, मांडी घालून बसले होते. एकटेच. "पहिलं बसा," एवढंच म्हणाले. कुणी बसलं नाही. दोन्हीकडून शिव्या चालू होत्या, वरून एक वीट आली आणि त्यांच्यापासून चार हातांवर फुटली. ते हलले नाहीत. मी भिंतीला चिकटून उभी होते. अर्धा तास गेला असेल. मग चाळीतली एक बाई हंडा बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी सावंत आले, खाली पेपर अंथरून बसले.

मलिकांनी पिशवीतून दगड काढून झाकणाच्या कडेला ठेवला. पंधरा दिवसांचा तह. पंप बंद, पाणी पाऊण-पाऊण तास. पंधराव्या दिवशी दगड उचलून निवाडा सांगणार. "तोपर्यंत इथून जाताना आवाज खाली," ते म्हणाले. "माझा पण."

आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ते पाळलं. भांडणाची खुमखुमी होती, पण कुणाला पहिला मोडणारा व्हायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मोठ्यानं बोलत आलेली माणसं दगडाजवळ गप्प व्हायची, बाजूनं वळसा घालून जायची. भोईर तर भीतीपोटी चप्पल काढून चावी फिरवायचा.

नवव्या दिवशी सकाळी भोईर धापा टाकत ऑफिसात आला. "बाय, दगराला शेंदूर लागलाय. जास्वंदीचा फूल पन हाय."

मी हातातला चहा तसाच ठेवला. हा खोडसाळपणा असता तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. सावंतांच्या आई, ताराबाई, मुरबाडहून नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना दगडाची काहीच माहिती नव्हती. त्यांनी खिडकीतून आठ दिवस पाहिलं ते एवढंच, की येणारा-जाणारा इथे गप्प होतो, वळसा घालतो, पालिकेचा माणूस चपला काढतो. एवढा कडक देव आणि त्याच्यापुढे साधा दिवा नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी मनोभावे शेंदूर फासला, फूल वाहिलं आणि उदबत्ती लावली.

सावंत आधी आईवर चिडले म्हणतात. मग त्यांच्या लक्षात आलं की निवडणूक चार महिन्यांवर आहे आणि आपल्याला उभं राहायचं आहे. दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागला: जागृत देवस्थान. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरायला लागलं की पंधराव्या दिवशी पठाण येऊन देव उपटणार. चाळीतली मुलं म्हणायला लागली, तो आमच्या तहाचा दगड आहे, तुमचा देव कसला? गच्चीवरच्या विटा पुन्हा मोजल्या जायला लागल्या. पोलिसांची गाडी गल्लीत मुक्कामाला आली.

मी तेव्हा एक काम केलं, ज्याची मला लाज वाटत नाही. एक टिपणी टाईप केली. 'व्हॉल्व्ह चेंबरवरील अडथळा, बंदोबस्तात हटवण्याचे प्रस्तावित.' खाली नगरसेवकांच्या सहीला जागा सोडली. पालिकेनं दगड हलवला तर मलिकांवर काही येत नव्हतं. ते निवाडा देऊन मोकळे, निवडणुकीलाही मोकळे. मला तो माणूस त्या खुर्चीत हवा होता, दुसरं काही नाही.

मलिकांनी चष्मा लावून टिपणी दोनदा वाचली. "ताई, अडथळा आहे, हे खरं आहे?"

"खरं नाहीये. पण चालतं."

"दगडामुळे तर पाणी चाललंय," ते म्हणाले आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला.

पंधराव्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला सोसायटी, मधे टिळे लावलेली सावंतांच्या प्रचारातली पोरं, स्पीकर. दुसऱ्या बाजूला चाळ. कोपऱ्यावर बावीस घरांतली माणसं, त्यात जमातीचे चार म्हातारे. त्यांचं म्हणणं मला आधीच कळलं होतं. मुखियानं आपला दगड तसाच पडून राहू दिला तर तो मुखिया राहत नाही, त्यांच्यात असंच होतं. म्हणजे उचलला तर गल्ली पेटणार, नाही उचलला तर पगडी जाणार. इन्स्पेक्टर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथून निघा." मी निघाले नाही.

काठीची ठकठक ऐकू आली आणि स्पीकर आपोआप बंद झाला. दगडापासून दहा पावलांवर ठकठकही थांबली. मलिकांनी काठी उचलून काखेत धरली आणि ते तसेच पुढे आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे.

"आई," ते हळू आवाजात म्हणाले, "खाली येता का जरा?"

ताराबाई खाली आल्या. पदर घट्ट धरलेला, चेहरा भेदरलेला. सावंत त्यांना मागे ओढत होते, पण त्यांनी हात सोडवून घेतला.

"हा दगड मी ठेवलेला, आई. भांडण थांबावं म्हणून."

"मला ठाऊक नव्हतं हो," त्या रडवेल्या झाल्या. "सगळे मान देत होते, मला वाटलं देवच. तुमचा आहे तर तुमचा. पण बाबा, शेंदूर लागलेला हलवू नये. माझ्या हातून चूक झाली, त्याचं काय ते मला सांगा."

मी मलिकांच्या हाताकडे बघत होते. उजवा हात थोडा पुढे आला होता. वडिलांचा दगड होता तो. मग हात मागे गेला.

"आमच्यात ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा," ते म्हणाले. "आई म्हणतात, उचलायचा नाही. दोघांचं खरं. मग राहील तो इथेच. आणि दगड आहे तोवर तह आहे. पंप बंद, पाणी पाऊण-पाऊण तास. आज पण, उद्या पण. कुणाला बोलायचंय? हळू बोला."

टिळेवाल्यांतला एक जण घोषणा द्यायला ओरडलाच. त्याचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत ताराबाई गर्रकन वळल्या. "ए, गप! देवापुढे बोंबलतोस?"

तो गप्प झाला. इतकी शांतता पसरली की भोईरनं चावी फिरवल्यावर लाईनमध्ये पाणी भरतानाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. माणसं एकेक करून, वळसा घालून, घरी गेली.

त्या संध्याकाळी बावीस घरांतल्या म्हाताऱ्यांनी पगडी मलिकांच्या चुलतभावाला बांधली. मलिकांनी स्वतःच्या हातानं ती उतरवून दिली, असं मला नंतर कळलं.

राहिली निवडणूक. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता ते माझ्या ऑफिसात आले आणि नेहमीसारखे खाली बसले. अर्ज घ्यायचं ऑफिस आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. चाळीतल्या लोकांनी त्यांचा अर्ज भरून तयार ठेवला होता, सूचक-अनुमोदक वर उभे होते. फक्त सही राहिली होती. अर्ज त्यांच्या खिशातच होता.

"चहा सांगा, ताई," ते म्हणाले.

"आधी वर जाऊन या. तीनला बंद होतं."

"मी नाही जाणार. सावंत उभा आहे. तो त्या तहातला आहे. दगड तिथे असताना मी त्याच्याशी लढू कसा? ज्यानं ठेवला त्याला पण बांधतो तो."

"मलिकसाहेब, निवडणूक म्हणजे मारामारी नाही."

ते हसले. "इतकी वर्षं या टेबलावर बसून असं म्हणता?"

मग माझा तोल गेला. मी नाही नाही ते बोलले. ज्यानं तुमच्याविरुद्ध बॅनर लावले त्याला तुम्ही सीट फुकट देताय, चाळीतल्या बायकांनी तुमच्यासाठी उन्हात सह्या गोळा केल्या, त्यांना काय सांगू, तुमच्या या दगडानं आमचं काय भलं केलं? ते सगळं ऐकून घेत होते. भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोर होतं. अडीच झाले. चाळीतला एक जण दोनदा खाली येऊन दारातून बघून गेला. पावणेतीनला मी हात जोडले. "फक्त सही करा. पुढचं मी बघते."

"भल्याचं विचारलंत ना?" ते म्हणाले. "त्या दिवसापासून गल्लीत कुणाला टाका पडलाय?"

तीन वाजले. वर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी गार झालेला चहा संपवला, कप उलटा करून ठेवला, आणि भिंतीला हात टेकत उठले. मला रडू फुटलं, रागानं. त्यांनी ते पाहिलं आणि काठी उचलली.

सावंत निवडून आले. त्यांनी दगडाभोवती टाईल्सचं देऊळ बांधलं, पण पंप पुन्हा जोडायची त्यांची हिंमत झाली नाही. आईच्या देवापुढे तह मोडायचा कसा? ताराबाई गेल्या तरी पाणी आजही पाऊण-पाऊण तासच येतं. मलिक मुखिया राहिले नाहीत, नगरसेवक राहिले नाहीत. लोक मात्र मलिकच म्हणत राहिले.

त्या नव्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. "फाईलवर लिही," मी सांगितलं, "ज्यानं ठेवला त्याच्याच संमतीनं हलवता येईल."

"मग त्यांचा नंबर देता का?"

"ते वारले," मी म्हटलं. "लिहिते, मॅडम," ती म्हणाली. पुढे काय होतं ते बघायचं.

फाईलवरचं ते वाक्य माझ्या एकटीचं नाही. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी त्या गल्लीत मीटरच्या कामाला गेले होते, तेव्हा मलिक समोरून आले. खूप वाळले होते, पाठीला बाक आला होता. इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी देवळाकडे बघून हळूच विचारलं, "ताई, मी गेल्यावर कुणी म्हणालं काढा, तर?"

"तर म्हणेन, ज्यानं ठेवला त्यालाच बोलवा."

ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी मान डोलावली आणि निघाले. मी रजिस्टर उघडून नोंद करायला लागले, कान मात्र मागेच होते. ठक, ठक, ठक. देवळाजवळ आल्यावर आवाज थांबला. मी मान वर करून पाहिलं. काठी काखेत धरून, एका हातानं भिंत चाचपत, ते त्या दगडाला वळसा घालत होते. चार-पाच पावलं झाली. मग त्यांनी काठी खाली टेकली, आणि ठकठक पुन्हा सुरू झाली.